भुऱ्याचे दहा दिवस

कारंजा गावात सगळे त्यांना डाक्टर म्हणत, आणि ते डाक्टर नव्हते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. बैलाचा खांदा सुजला की शेकायचा, मोडलेलं शिंग बांधायचं, साहेब घोड्यावरून फिरतीला निघाले की औषधांची पेटी घेऊन मागून चालायचं, हे त्यांचं काम. एका बैलानं कंबरेत लाथ घातली तेव्हापासून त्यांची चाल तिरपी झाली, आणि पुढं ते पेन्शन घेऊन घरी बसले. घरी बसले असं आपलं म्हणायचं. खरं तर त्यांचा दवाखाना त्यानंतरच सुरू झाला, आणि तो कोणी मागितलेला नव्हता.

"बैलाले डाक्टर हाये, म्हशीले डाक्टर हाये. कुत्र्या-मांजराले कोन हाये?" असं ते विचारायचे. लोक म्हणायचे, "कोनी नाई, अन् कायले पाह्यजे?" या उत्तरानं दुसरा माणूस गप्प बसला असता.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी माणसाला रामराम करत नसत. दारात कुत्रं असेल तर तिथंच उकिडवे बसायचे, त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहायचे, कानाचा वास घ्यायचे. मग घरधन्याकडं वळून, जणू आत्ताच तो दिसला अशा थाटात, प्रश्न सुरू. काल काय खाल्लं? शेण कसं पडलं? (कुत्र्याच्या विष्ठेलाही ते शेणच म्हणत, जुनी सवय.) पाणी किती पेलं? खाजवते का, कुठं खाजवते? घरधनी म्हणायचा, "असंन जी काई तरी." त्यावर ते ठरलेलं वाक्य बोलायचे: "जनावर मुकं हाये पन खोटं नाई. मालक बोलका हाये, म्हनून घात होते."

एका लग्नाच्या पंगतीत वाढप सुरू असताना मांडवामागं मांजर शिंकलं. डाक्टर पानावरून उठले. यजमान हात जोडून मागं धावले, त्यांना वाटलं काही मानपान चुकला. डाक्टर मांजराचे डोळे पुसत म्हणाले, "तुमी जेवा. हिले सर्दी हाये." पंगत त्यांच्यासाठी थांबली, आणि वधूपक्षाकडच्या बायका पुढं वर्षभर त्यांचं नाव काढून हसत होत्या.

धान्याच्या अडतीवाल्यांशी त्यांचं कायमचं भांडण. अडतीवाले गोदामात मांजर पाळायचे आणि उंदीर धरावेत म्हणून उपाशी ठेवायचे. डाक्टर दुकानाच्या पायरीवर उभे राहून, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं सांगायचे, "शेटजी, उपाशी मांजर शिकार करत नाई, चोरी करते. भरल्या पोटाची मांजर खेयता खेयता उंदीर मारते. भाकर द्या, पानी ठेवा, अन् मंग पाहा." एकानं गोदामात पिसवा झाल्या म्हणून मांजरीलाच फिनेल चोळलं, तेव्हा तर ते रडवेले झाले. "अरे, मांजर आंग चाटते! तुमी तिले भायेरून नाई, आतून जहर देल्लं!" साबण-पाण्यानं तिला धुवायला ते गोदामात दोन तास बसले. मांजर जगली. शेटजींनी नंतर भाकर सुरू केली म्हणतात, पण डाक्टरांच्या समोर कबूल केलं नाही.

त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात एरंडेलाची बाटली, डाव्यात कपडे धुवायच्या साबणाची वडी. खरुजेला गंधक आणि करंजाचं तेल, पिलांच्या पोटातल्या जंतांना त्यांची स्वतःची एक पुडी, आणि कुत्रं चावलं तर साबण. साबणाएवढं मोठं औषध देवानं केलंच नाही असं ते म्हणत. आमच्याकडं तेव्हा कुत्रं चावलं की तीन गोष्टी करायच्या: जखमेत मिरचीपूड भरायची, चावलेल्या माणसाला सात विहिरींत डोकावायला लावायचं, आणि कुत्र्याला काठ्यांनी ठार करायचं. डाक्टर या तिन्हींच्या विरुद्ध होते. मिरचीनं जखम बिघडते. विहिरीत पाहिलं तर काही बिघडत नाही, पण साधतही नाही. आणि कुत्र्याला मारलं तर ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कळायचा रस्ताच बंद होतो. "बांधा. साखयीनं बांधा. दहा दिस पाहा. दहा दिस खाऊन-पिऊन जगलं तं तुमाले भेव नाई. बिघडलं तं त्याच दिशी अकोल्याले जाऊन सुया घ्या. पन माराल तं समजन कोनाले?" हे त्यांनी गावात किती वेळा सांगितलं असेल! लोक ऐकून घ्यायचे आणि काठ्या काढायचे.

आता माझं सांगतो. इतका वेळ त्यांचं सांगत होतो ते सोपं होतं म्हणून.

आमचा भाजीपाल्याचा मळा धनजच्या रस्त्यानं गावाबाहेर दोन मैलांवर. वांगी, मेथी, कांदे. मी गावातल्या मराठी शाळेत मास्तर होतो, सकाळी शाळेत जायचो, संध्याकाळी मळ्यात परतायचो. मळा आईच्या जिवावर चालायचा. सात विहिरींतली पहिली विहीर म्हणजे आमची, आणि आईला त्याचा भारी अभिमान. कुत्रं चावलेला माणूस आला की ती त्याला पाणी द्यायची, विहिरीच्या काठाशी नेऊन वाकवायची आणि पुढची विहीर कुठली ते सांगायची. मी शिकलेला, मला त्याची लाज वाटायची. म्हणूनच मी डाक्टरांच्या बाजूचा झालो. शाळेतल्या पोरांना मी त्यांचे नियम फळ्यावर लिहून देत असे, आणि डाक्टर चारचौघांत सांगत, "मालकाइवर माह्या भरोसा नाई. एक मास्तर सोडून." हे ऐकून माझी कॉलर ताठ व्हायची.

मळ्यावर भुऱ्या नावाचा कुत्रा होता. एकदा कांद्याच्या वाफ्यात कोल्हा शिरला, भुऱ्यानं त्याला धरलं, आणि त्या झटापटीत भुऱ्याचा कान फाटला. आठेक दिवसांनी कानातून पू येऊ लागला. मी बैलांची दमणी जुंपून डाक्टरांना घेऊन आलो. त्यांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "कान कशानं फाटला?" मी खरं सांगितलं. कोल्हाही पिसाळलेला असू शकतो, म्हणून त्यांनी आधी भुऱ्याच्या तोंडाला लाळ आहे का ते लांबूनच पाहिलं. मग उकिडवे बसले, भुऱ्याशी बोलत बोलत कान धरला, आणि भुऱ्यानं त्यांच्या मनगटाखाली कडकडून चावा घेतला.

आई मिरचीपूड घेऊनच धावत आली. डाक्टरांनी हात पाठीमागं नेला. "माय, तुह्या पाया पडतो, थे कालवनात टाक." आणि खिशातली वडी काढून मोटेच्या पाटात हात धरून बसले. रक्त, फेस, पुन्हा पाणी, पुन्हा फेस. अर्धा तास तरी असेल. आईचा जीव राहीना, म्हणून शेवटी विहिरीतही डोकावले. "पाह्यतो. पानी किती हाये थे तं समजन." एवढं झाल्यावर बाजूच्या मळ्यातले दोघं काठ्या घेऊन आले, तेव्हा हाच ओल्या हाताचा माणूस कुत्र्याच्या आणि त्यांच्या मध्ये तिरपा उभा राहिला.

"डाक्टर, सोडा. तुम्ही आजच अकोल्याला निघा," मी म्हणालो. हे एक वाक्य मी बरोबर बोललो होतो.

"नाई मास्तर. हे कुत्रं मले शानं दिसते. कान दुखला म्हनून चावलं. आता आयका. दहा वर्सं झाली गावाले सांगून राह्यलो, दहा दिस पाहा, दहा दिस पाहा. आज माह्यावर आली अन् मीच पयालो, तं लोकं कायले आयकतीन? सारं गाव पाहून राह्यलं." मग जवळ येऊन हळू म्हणाले, "फक्त तुमी डोये उघडे ठेवा. खाल्लं का, पेलं का, आवाज बदलला का, चाल बदलली का. एवढ्या चार गोष्टी. रोज शायेतून जाता-येता मले सांगा. अन् साखयी लावा, दोर नोको."

आमच्याकडं साखळी एकच होती आणि ती नव्या गोऱ्ह्याला लावलेली. गोऱ्हा द्वाड, दोर तोडून वांग्यात शिरायचा. मी मनाशी म्हटलं, अंबाडीचा दोर आहे, नवा आहे, दोन पदरी करू. भुऱ्याला मी त्या दोरानं लिंबाला बांधलं. दुसऱ्या दिवशी डाक्टरांनी विचारलं, "साखयी लावली?" मी म्हणालो, "लावली." एवढं साधं. तोंडातून निघून गेलं. भुऱ्यानं खाल्लं का, पेलं का, त्यावरही हो म्हणालो. खरं तर त्या दिवशी मी त्याच्याकडं नीट पाहिलंही नव्हतं. परीक्षेच्या वह्या तपासत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली दोराचं चावलेलं टोक पडलं होतं.

मी धनजच्या रस्त्यानं हाका मारत गेलो, नाल्यात पाहिलं, बाजूच्या मळ्यांत विचारलं. भुऱ्या नव्हता. संध्याकाळपर्यंत येईल, भूक लागली की कुठं जाईल, असं म्हणून शाळेत गेलो. वाटेवर डाक्टरांचं घर. त्यांचा हात कोपरापर्यंत सुजला होता, अंगात ताप होता, खाटेवरून उठू नका म्हणून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तंबी दिलेली. मला पाहून पडल्या पडल्याच विचारलं, "भाकर खाल्ली?"

कुत्रं सुटलं म्हणायचं तर साखळी कशी तुटली ते सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "खाल्ली. एक सारी खाल्ली."

त्यानंतर रोज. चौथ्या दिवशी भुऱ्या पाणी प्याला. पाचव्या दिवशी मी त्याच्या कानाला तेल लावलं आणि तो गुरगुरला नाही. सहाव्या दिवशी तो वाटसरूवर भुंकला, आवाज होता तसाच. मास्तरकीनं मला एक गोष्ट चांगली शिकवली होती, तपशील घातला की खोटं खरं वाटतं. डाक्टर डोळे मिटून ऐकायचे आणि मान डोलवायचे. "बरोबर. दुखनंच होतं थे. कुत्रं लय शानं हाये, मास्तर."

मी रोज शाळेतून परत येताना भुऱ्याला शोधायचो, आणि रोज ठरवायचो की उद्या सांगू. उद्या सांगायचं म्हणजे कालचंही सांगायचं, आणि कालचं ओझं दर दिवशी एकानं वाढत होतं. आईनं सहाव्या दिवशी मला मेथीच्या वाफ्यापाशी गाठलं. तिला सारं माहीत होतं.

"बाबू, त्या मानसाले सांगून टाक."

"भुऱ्या सापडेल आई. तू मधात पडू नको."

"सापडीन तवा सापडीन. जीव त्याचा हाये, शरम तुही हाये. मले सांग, यातलं मोठं कोन्तं?"

मी तिच्यावर ओरडलो. विहिरीत डोकावून रोग बरा करणाऱ्या बाईनं मला शहाणपण शिकवू नये, असं काहीतरी बोललो. ती मेथीची जुडी बांधत राहिली.

सातव्या दिवशी काकू मला पोचवायला अंगणापर्यंत आल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, मी अडानी बाई. मले त्याइचं शास्तर समजत नाई. पन मले रात-दिस चैन नाई. थो कुत्रा खरंच बरा हाये ना? मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहूनच म्हणालो, "बरा आहे काकू. अगदी बरा आहे."

दुसऱ्या दिवशी डाक्टरांनी हसत सांगितलं की काल आठवड्यानं पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

नवव्या दिवशी ताप उतरला होता आणि डाक्टर खाटेवर उठून बसले होते. आळीतले पाच-सहा जण भोवती. डाक्टरांनी सगळ्यांना आवतण दिलं होतं: उद्या सकाळी मास्तरच्या मळ्यात जाऊ, दहा दिवस जगलेलं कुत्रं दाखवतो. मग यापुढं कुणी कुत्र्यावर काठी उचलायची नाही. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. इतका आनंद त्यांना पेन्शन मिळाली तेव्हाही झाला नसेल. "मास्तर, तुमी दमनी घेऊन या," ते म्हणाले. मी "येतो" म्हणालो.

दहाव्या दिवशी सकाळी मी दमणी घेऊन गेलो आणि लोक जमायच्या आत सांगितलं. डाक्टर अंघोळ करून धुवट सदरा घालत होते. एका बाहीत हात आणि एक बाही मोकळी, तसेच ते थांबले.

"कोन्त्या दिशी सुटलं?"

"तिसऱ्या. दोर होता. साखळी नव्हती."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग रागानं नाही, खरोखर कोडं पडल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग सात दिस भाकर कोन खाल्ली?"

त्यांनी दुसरी बाही घातली, गुंड्या लावल्या. "बरं, पह्यले दोन दिस तरी? पानी पेला होता का? तेवढं खरं सांगा. तेवढ्याचा आता लय उपेग हाये मले."

आणि मला तेही सांगता येईना. मी पाहिलंच नव्हतं. मी तसं म्हणालो. इतक्या दिवसांतलं ते पहिलं खरं वाक्य, आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

आत काकूंनी ऐकलं असावं. त्या बाहेर आल्या नाहीत. फक्त भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. जमलेल्या लोकांना डाक्टरांनी दारातूनच सांगितलं, "कुत्रं सुटलं. कधी सुटलं समजलं नाई. मी अकोल्याले जातो." एक जण म्हणाला, "आमी तं पह्यलेच म्हनत होतो, मारा म्हनून." दुसऱ्यानं मान हलवली. डाक्टरांनी पायात वहाणा घातल्या. दहा वर्षांचं त्यांचं सांगणं त्या दारात संपलं, आणि पुढं कुत्रं चावल्यावर गावात काठ्या पूर्वीपेक्षा लवकर निघू लागल्या.

डाक्टर वाचले, हे इथंच सांगून टाकतो. चौदा सुया पोटात घेऊन ते परत आले आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मांजरांचे कान पाहत जगले. भुऱ्याचं काय झालं ते कधीच कळलं नाही. तो पिसाळलेला नसेलही. लोक मला म्हणतात, मग झालं काय, कशाला उगाळता? काही झालं नाही हे खरं. पण ते माझ्यामुळं नव्हे. वर्षभर मी त्या माणसाला पाण्याचा पेला तोंडाला लावताना चोरून पाहत असे, कारण हा रोग झाला की पाणी गिळता येत नाही, आणि ते निवांत पाणी पिऊन पेला खाली ठेवायचे.

मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेलो होतो. छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी. सगळ्या वाटेत ते माझ्याशी बोलले. समोरच्या बाकावरच्या बाईच्या पिशवीत मांजराचं पिल्लू होतं, त्याला नुसतं दूध पाजू नका म्हणून तिलाही सांगितलं. माझ्या गुन्ह्याबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं. तेवढ्यानं माझं मन हलकंसुद्धा झालं, इतका मी कोता.

सुया टोचायच्या ठिकाणी रांग होती. तरुण डॉक्टर होते, चष्मेवाले, भराभर बोलणारे. त्यांनी हात पाहिला, तारीख विचारली आणि भडकले. "दहा दिवस? दहा दिवस काय करत होता? धंदा काय तुमचा?"

"गुराइच्या दवाखान्यात होतो साहेब. ड्रेसर."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं! कुत्र्यावर लक्ष कोण ठेवत होतं?"

मी डाक्टरांच्या शेजारी उभा होतो. तरुण डॉक्टर विचारत होते, आणि उत्तर माझं होतं. मी तोंड उघडलंही असेल. पण माझ्या अंगात मास्तरचा कोट होता, डोक्यावर पगडी होती, रांगेत माझ्या ओळखीचा एक मूर्तिजापूरचा शिक्षक उभा होता. डाक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच, आणि लगेच नजर काढून घेतली. मला वाचवावं लागेल हे त्यांना कळलं असावं.

"मीच साहेब. लोकाइले सांगत फिरलो, अन् माह्यावर आली तं मीच गाफील राह्यलो."

तरुण डॉक्टरांचा राग एकदम उतरला. ते कंपाउंडरकडं पाहून म्हणाले, "घ्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

रांगेतले सगळे हसले. मूर्तिजापूरचा शिक्षक हसला. डाक्टर सदरा वर करून, पोट उघडं टाकून सुईची वाट पाहत होते, तेही मान खाली घालून थोडं हसले.

आणि मीही हसलो.